साताऱ्यातल्या एका घरासाठी स्पीकर

माझ्या धाकट्या बहिणीचं घर साताऱ्यात आहे. खाली तीन खोल्या, पुढे पडवी, वर मोकळी गच्ची. घरात दिवसभर काही ना काही वाजत असतं, पण ज्याचं त्याचं वेगळं. तिच्या सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. ते ऐंशीच्या पुढचे आहेत. सकाळी अभंग आणि दुपारी जुनं नाट्यसंगीत हा त्यांचा नेम. बहीण संध्याकाळी घरीच मुलांना शास्त्रीय गायन शिकवते, त्यासाठी फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावते. भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला मराठी रॅप लागतं आणि सुट्टीत मित्रांबरोबर शेतावर जाताना सोबत गाणी लागतात. शिवाय भोंडला, कोजागरी, वाढदिवस असे प्रसंग आले की सगळं घर गच्चीवर.

इतके दिवस हे सगळं फोनच्या स्पीकरवर चाललं होतं. शेवटी एकच वायरलेस स्पीकर घ्यायचा असं ठरलं. तो घरात, वर्गात, गच्चीवर आणि शेतावर चालला पाहिजे, आणि खर्च पंधरा हजारांच्या आत बसला पाहिजे. बहिणीचा फोन थेट दुकानातून आला. "दादा, इथे एक मोठा आहे. चाकं आहेत, दिवे लागतात, वर एक माइक फुकट. हजार वॉटचा आहे म्हणतात. घेऊ का?"

मी म्हटलं, आज नको. खोक्याचा फोटो पाठव. फोटोत हजारच्या पुढे बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' छापलेलं होतं.

वॉटचा घोळ

पीएमपीओ म्हणजे क्षणार्धापुरती, कागदावर जास्तीत जास्त काढलेली ताकद. ती मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे तिथे कोणताही आकडा लिहिता येतो. बघायचाच असेल तर 'आरएमएस' हा आकडा बघावा. तो स्पीकर सलग किती ताकदीनं वाजू शकतो ते सांगतो. पण आरएमएस वॉटवरूनही आवाजाचा अंदाज सरळ येत नाही. वॉट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला ती वाढ जेमतेम जाणवते. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे ताकद दहापट हवी. २० वॉट आणि ३० वॉट यांच्यात दुकानदार जेवढं अंतर सांगतो, तेवढं कानाला मिळत नाही.

दुकानातली परीक्षाही फसवी असते. चारी बाजूंना काच आणि लाद्या, बाहेर रहदारी, आणि लावलेलं गाणं हमखास धडधडणाऱ्या बेसचं. दोन स्पीकर लागोपाठ ऐकवले की ज्याचा आवाज किंचित मोठा तोच कानाला चांगला वाटतो. हा मानवी कानाचा स्वभाव आहे आणि त्यातून जाणकारही सुटत नाहीत. म्हणून मी तिघांनाही एकच काम दिलं. आपण काय ऐकतो, कुठे बसून ऐकतो, स्पीकर आपल्यापासून किती लांब असतो आणि त्या वेळी आजूबाजूला कोण असतं, एवढं लिहून काढा. स्पीकरचं नाव त्यात नको.

कागद आला तेव्हा निम्मा प्रश्न सुटला होता. अण्णा खुर्चीत बसतात आणि फोन समोरच्या कपाटावर, चार मीटरवर ठेवलेला असतो. वर्गात मुलं जाजमावर अर्धगोल करून बसतात, सगळी दोन मीटरच्या आत. गच्चीवर वीस-पंचवीस माणसं दहा-बारा मीटरच्या पसाऱ्यात. शेतावर पाच-सहा मुलं, झाडाखाली. चाकांच्या मोठ्या खोक्याची खरी गरज यात एकाही ठिकाणी नव्हती.

घरात तीन मापं ऐकून पाहिली

माझ्याकडे जेबीएलचा चार्ज ५ आहे. भाच्याच्या मित्राकडून फ्लिप ६ आला, आणि दुसऱ्या एकाकडून मुठीत मावेल असा गो ३. तिन्ही एकाच कंपनीचे निघाले, कारण ओळखीपाळखीत तेच होते. सोनी, बोस किंवा मार्शल यांच्यातही ही लहान-मध्यम-मोठी मापं सापडतात आणि पुढचं बरंचसं त्यांनाही लागू पडतं. कंपनीनं दिलेले आकडे असे: गो ३ वजनाला २०९ ग्रॅम, ४.२ वॉट, पाच तासांची बॅटरी. फ्लिप ६ साडेपाचशे ग्रॅम, ३० वॉट, बारा तास. चार्ज ५ जवळपास किलोभर, ४० वॉट, वीस तास. तिघांनाही आयपी६७ हा पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा. तिन्ही आतून मोनो आहेत, म्हणजे डावं-उजवं वेगळं ऐकवत नाहीत.

ऐकताना आधी तिघांचा आवाज सारखा करून घेतला. फोनवर आवाज मोजणारं साधं ॲप असतं, ते बसायच्या जागी धरलं आणि आकडा जुळेपर्यंत आवाज कमी-जास्त केला. ही पाच मिनिटं खर्च केली नाहीत तर बाकीची तुलना निरर्थक आहे.

पहिला तानपुरा. मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते या परीक्षेनं. बहिणीचा स्वर काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. तिचा मध्य षड्ज, म्हणजे मधला सा, साधारण २०८ हर्ट्झचा (सेकंदाला २०८ कंपनं), आणि तानपुऱ्यातला खर्ज, म्हणजे खालचा सा, त्याच्या निम्म्यावर, १०४ हर्ट्झच्या आसपास. आवाज फुटलेली मोठी मुलं काळी एकमध्ये गातात. त्यांच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झपर्यंत उतरतो. आता कंपनीच्या कागदावर गो ३ खाली ११० हर्ट्झपर्यंत जातो, फ्लिप ६ हा ६३ पर्यंत आणि चार्ज ५ हा ६० पर्यंत. हिशेबानं गो ३ वर काळी एकचा खर्ज ऐकूच यायला नको. पण तो येतो! तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघत असतात. ते नीट ऐकू आले की मेंदू खालचा, प्रत्यक्षात न वाजलेला मूळ स्वर आपणच भरून घेतो. तानपुऱ्याची सगळी जादू त्याच्या जवारीत, म्हणजे या उपस्वरांतच आहे, त्यामुळे एवढासा स्पीकरही सुराला आधार देऊन जातो.

तरी फरक राहतोच. गो ३ वर खर्ज कळतो, पण त्याला अंग नसतं. बहिणीच्या एका विद्यार्थिनीनं डोळे मिटून ऐकलं आणि सांगितलं, "ताई, हा तानपुरा लांबच्या खोलीत लावलाय असं वाटतं." फ्लिप ६ वर तो खोलीत आला. चार्ज ५ वर आणखी भरला, पण स्पीकर भिंतीला टेकवल्याबरोबर घुमायला लागला आणि मुलांचे आवाज त्याखाली दबले. भिंतीजवळ, त्यातही कोपऱ्यात, खालचे स्वर वाढतात. छोट्या स्पीकरला त्याचा फायदा होतो, मोठ्याला त्रास. शिकवण्याच्या खोलीसाठी फ्लिपचं माप पुरेसं आहे असं तिघांचंही मत पडलं. तबल्याच्या ठेक्यालाही तेच. डग्ग्याचा घुमारा गो ३ वर टपटप वाजत होता, फ्लिपवर मींड, म्हणजे त्याचा सरकता सूर, ओळखू येऊ लागली. बालवर्गाला तालातली खाली-भरी (हलकी आणि जोरकस बाजू) कळायला एवढं हवंच.

ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो, साधारण सेकंदाचा दहावा ते पाव भाग. तानपुरा किंवा ठेका लावून त्यावर गायचं असेल तर काही बिघडत नाही, कारण गाणारा स्पीकरमधून येईल त्याचंच ऐकून गातो. फोनवरच्या पेटीच्या ॲपवर बोट ठेवून सूर द्यायला गेलं की मात्र घोटाळा होतो. बोट आधी, सूर मागून. बहिणीनं त्यासाठी आपली खरी पेटीच ठेवली आहे. कोडेकची चर्चा भाच्यानं बरीच केली. एसबीसी, एएसी, एलडॅक ही ब्लूटूथवरून आवाज दाबून पाठवायच्या पद्धतींची नावं आहेत. माझं मत स्पष्ट आहे: या मापाच्या स्पीकरवर, गप्पांच्या आवाजात, त्यातला फरक शोधत बसण्यात अर्थ नाही. गाणं मुळात कोणत्या दर्जाचं लावलंय ते बघा. फॉरवर्ड होत होत आलेली व्हॉट्सॲपवरची फाइल कोणताही स्पीकर सुधारू शकत नाही.

मग भाच्याचं रॅप. इथे चार्ज ५ सरळ जिंकला, त्यात वाद नाही. मात्र हळू आवाजात तिघांतला फरक कमी झाला. कानच असा आहे की आवाज कमी झाला की खालचे स्वर जास्त वेगानं नाहीसे वाटतात. आणि पूर्ण आवाज चढवला की स्पीकर स्वतःच बेस कमी करतो, नाहीतर पडदा फाटेल. म्हणजे छापलेला आवाका खरा मिळतो तो मधल्या आवाजात, दोन्ही टोकांना नाही.

अण्णांचं वेगळंच निघालं

अण्णांची तक्रार जुनी होती: "आवाज येतो रे, शब्द कळत नाहीत." घरच्यांचा तोडगा म्हणजे आवाज वाढवणं. वयानं कमी होणारं ऐकणं बहुतेकांच्या बाबतीत वरच्या स्वरांपासून सुरू होतं. स, श, त, फ ही व्यंजनं तिथेच असतात. ती गेली की गाण्यातले शब्द जातात आणि उरतो तो नुसता आकार. आवाज वाढवला की खालचं गुणगुणणं वाढतं, व्यंजनं जिथल्या तिथे. त्यात कपाटावर, कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर आणखी घुमतो.

म्हणून फ्लिप ६ कपाटावरून काढून खुर्चीशेजारच्या स्टुलावर, कानाच्या उंचीला, हातभर अंतरावर ठेवला. ॲपमधल्या इक्वलायझरमध्ये बेस उतरवला, ट्रेबल थोडा चढवला. आवाज आधीपेक्षा कमी होता आणि अण्णांना पदाचे शब्द कळत होते. ते काही बोलले नाहीत, पण पदाबरोबर ओठ हलवत होते.

मग गो ३ लावून पाहिला. अण्णांना दोघांत फार फरक वाटला नाही, आणि त्याला कारण आहे. ते ऐकतात त्यातलं बरंचसं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेलं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, सगळं मोनो. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आलं. त्याआधी गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावं लागे आणि त्यात खालचे-वरचे स्वर फार थोडे उतरत. बालगंधर्वांच्या मुद्रिकांचा सगळा अर्क आवाजाच्या मधल्या पट्टीत आहे. तिथे खोल बेस देणारा स्पीकर जे मूळ तबकडीतच नाही ते कुठून आणणार? उलट तो खरखर आणि घरघर मोठी करतो. स्टिरिओ नसल्यानंही अण्णांचं काहीच हरवत नाही.

त्यांची खरी अडचण बटणांची होती. फोन उघडा, ॲप शोधा, ब्लूटूथ जोडा, मग मध्येच कुणाचा तरी मेसेज आला की अभंगात टिंग वाजतं. २०१७ साली सारेगामानं कारवाँ हा ५००० गाणी आधीच भरलेला रेडिओसारखा खोका बाजारात आणला आणि तो घराघरांतल्या आजी-आजोबांकडे पोचला. माझ्या मते त्यामागचं कारण गाण्यांइतकंच त्याच्या मोठ्या फिरत्या बटणांत होतं. अण्णांना आम्ही त्याच जातीचा, एफएम आणि पेनड्राइव्ह चालणारा छोटा खोका वेगळा घेतला. त्यांच्या आवडीची पदं नातवानं पेनड्राइव्हवर भरून दिली. वायरलेस स्पीकर निवडायला बसलेल्या घरात एका माणसाचं उत्तर वायरलेस नव्हतं, हे आधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

गच्चीवर

घरात चार्ज ५ भरून वाजत होता. तोच गच्चीच्या मधोमध स्टुलावर ठेवला आणि भाचा म्हणाला, "मामा, याची बॅटरी उतरली का?" बॅटरी भरलेली होती. खोलीत भिंती आणि छत आवाज परत पाठवतात, त्यामुळे लांब बसलेल्यालाही तो पोचतो आणि बेस भरतो. उघड्यावर आवाज एकदा गेला की गेला. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात: एका मीटरवर जे ऐकू येतं त्यापेक्षा दोन मीटरवर ६, चारवर १२ आणि आठ मीटरवर १८ डेसिबलनं कमी. जवळच्याचे कान किटतात आणि लांबचा म्हणतो, वाढवा जरा.

उपाय दोन. स्पीकर कठड्याला टेकवून, जमल्यास कोपऱ्यात ठेवायचा, म्हणजे गेलेल्या बेसपैकी काही परत मिळतो. हा फुकटचा उपाय लगेच लागू पडला. दुसरा म्हणजे एक मोठा ठेवण्यापेक्षा दोन मध्यम, माणसांच्या दोन बाजूंना. दोन स्पीकरनं ताकद फक्त ३ डेसिबलनं वाढते, पण प्रत्येक माणसाचं जवळच्या स्पीकरपासूनचं अंतर निम्म्यावर येतं, आणि खरा फायदा तिथे आहे. आम्ही दोन फ्लिप ६ मिळवून, एकमेकांना जोडून, गच्चीच्या दोन टोकांना ठेवले. एकट्या चार्ज ५ पेक्षा गाणं जास्त सारखं पसरलं, आणि कुठेच कर्कश वाटलं नाही.

शेजाऱ्यांचा विचार इथेच करायचा. ध्वनिप्रदूषण नियमन व नियंत्रण नियम, २००० यांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. खासगी जागेतल्या आवाजानं आपल्या हद्दीवर ही मर्यादा ५ डेसिबलहून जास्त ओलांडायची नाही. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायलाच मनाई आहे. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. कोजागरीचं दूध रात्री बारा वाजता, त्यामुळे हा नियम या घराला थेट लागू होतो. माझ्या आग्रहानं दहाला स्पीकर बंद झाला आणि पुढे नुसत्या गळ्यानं गाणी झाली. घरात गाणाऱ्या मुली असताना काही अडलं नाही.

हाच आग्रह गडावर आणि कासला जास्त आहे. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे स्पीकर लावून फिरणाऱ्यांबद्दल मला मनापासून राग येतो. वारा, पाखरं आणि दुसऱ्याची शांतता यांच्यावर आपलं गाणं लादायचा हक्क कुणालाच नाही. भाच्यानं शब्द दिलाय की त्याचा स्पीकर शेतावरच वाजेल.

पाऊस, धूळ, बॅटरी

साताऱ्याचा पावसाळा आणि उसाच्या शेतातली धूळ, दोन्ही या स्पीकरच्या नशिबात आहेत. आयपी६७ मधला ६ धुळीचा आहे, धूळ आत शिरत नाही असा. ७ पाण्याचा: एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स७ लिहिलेलं असेल तर पाण्याची परीक्षा झालीय पण धुळीची नाही. शेतावर नेणाऱ्यानं हा 'एक्स' बघावा. समुद्राचं खारं पाणी, क्लोरिन, साबण यांची हमी यात नाही, आणि भिजलेल्या स्पीकरला चार्जिंगची वायर लावायची नाही. पोर्ट पूर्ण सुकला पाहिजे.

बारा तास म्हणजे मधल्या आवाजातले बारा तास. पूर्ण आवाजात ते पुष्कळ कमी होतात. बहिणीचा विचार वर्गात स्पीकर कायम प्लगला लावून ठेवायचा होता; तो मी बदलायला लावला. लिथियम बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. या स्पीकरची बॅटरी घरी बदलता येत नाही, म्हणून ती जपणं म्हणजे स्पीकर जपणं. उन्हात उभ्या गाडीत तो विसरायचा नाही, हे भाच्यासाठी.

शेवटी काय घेतलं

एक फ्लिप ६ आणि अण्णांचा बटणांचा खोका. दोन्ही मिळून पंधरा हजारांच्या आत बसले. चार्ज ५ चा बेस भाच्याला हवा होता, हे खरं. पण ते किलोभर वजन तो स्वतःच सॅकमध्ये घालायचा कंटाळा करेल, आणि वर्गाला तेवढ्याची गरज नव्हती. तानपुऱ्यासाठी बहिणीनं सिमकार्ड काढलेला जुना फोन वेगळा ठेवलाय, त्यामुळे वर्गात आता कुणाचा फोन, कुणाचा मेसेज वाजत नाही. स्वयंपाकघरात फोन ठेवला तर दोन जाड भिंतींमुळे गाणं तुटतं, तेवढी एक अडचण राहिली. ब्लूटूथ वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतं आणि जुन्या घराच्या भिंती त्याला दाद देत नाहीत. फोन स्पीकरच्याच खोलीत ठेवायचा, दुसरा उपाय नाही.

गच्चीसाठी दुसरा फ्लिप घ्यायचाय, तो दिवाळीच्या सुमारास. तिथे एक मेख आहे. स्पीकर एकमेकांना जोडायची पद्धत कंपनीनं वेळोवेळी बदलली: जुन्या फ्लिपमध्ये कनेक्ट प्लस, फ्लिप ६ मध्ये पार्टीबूस्ट, आणि नव्या फ्लिप ७ मध्ये ऑराकास्ट. या तिन्ही पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणजे नवा, जास्त चांगला म्हणून फ्लिप ७ आणला तर तो घरातल्या फ्लिप ६ बरोबर गच्चीवर वाजणार नाही. भाचा सध्या दुकानांत फ्लिप ६ चा साठा कुठे उरलाय ते शोधतोय, आणि दिवाळीपर्यंत मिळाला नाही तर मित्राचाच विकत मागणार आहे.